एकच काटा

पांढरकवड्यात, खत-बियाण्याच्या दुकानाच्या वर
दोन खोल्या, चार खुर्च्या, एक इन्व्हर्टर.
फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर येतो
तरी आमच्या रोह्याला शिंक येत नाही.

'रोही' म्हणजे आमचा गेम.
रात्रभर मचाणावर बसायचं, टॉर्च मारायचा,
हरभऱ्यात शिरलेला कळप हुसकायचा,
मारायचा मात्र एकही नाही.
किंमत नव्याण्णव रुपये.
चालतो एकाच कंपनीच्या यंत्रावर,
मिळतो तिच्याच दुकानात.

मी हिशेब बघते. आधी जिनिंगमध्ये होते.
तिथं क्विंटलभर कापसातून चौतीस किलो रुई निघायची,
उरलेली सरकीही जायची,
तिचं तेल, तिची ढेप,
झाडून काढलेल्या कचऱ्यालासुद्धा गिऱ्हाईक.
इथं नव्याण्णवातले तीस दुकानाचे,
मग कर, मग डॉलर मोडताना गळालेले पैसे,
मग घेऊन, खेळून, परत करणारे.
हाती अठ्ठावन्न.
सरकी नाही.

महिन्याचा खर्च एक लाख सेहेचाळीस हजार,
म्हणजे दर महिन्याला दोन हजार पाचशे अठरा अनोळखी माणसांना
यवतमाळ जिल्ह्यातली एक रात्र
जागून काढावीशी वाटली पाहिजे.

पहिल्या महिन्यात वाटली.
दुकानाच्या दर्शनी फळीवर रोही उभा होता, कान टवकारून.
नऊ हजार गेले.
सुगतनं तर्री-पोहे सांगितले, खालच्या गुल्हान्यांनाही.
कंपनीच्या माणसाचा फोन आला :
दोन वर्षं फक्त आमच्याकडे ठेवा,
अकरा लाख आगाऊ घ्या.
सही मी केली. पेन माझ्याकडे होतं.

पुढं तो माणूस नोकरी सोडून गेला.
फळीवर दुसरं कोणी आलं.
बाराशे.
तीनशे चाळीस.
एकसष्ट.

गेम तोच. एक केस बदलला नव्हता.

दुसऱ्या यंत्रावर न्यावा म्हटलं
तर हर्षल आत्राम मान हलवतो.
रोही थबकतो कसा, मागं वळतो कसा,
सगळं त्यानं या एका यंत्राच्या मापानं लिहिलंय.
"पाय नवे करा लागतीन. आठ महिने."
आठ गुणिले एक सेहेचाळीस.
अकरा लाख अडुसष्ट हजार लिहिले
आणि आकड्यावर चहाचा कप ठेवला.
आगाऊचे अकरा केव्हाच पगारात गेले होते.

तबस्सुम चित्रावरून नजर न उचलता म्हणाली,
"रानडुक्कर करू. पाय तेच चालतीन."
आम्ही हसलो. मग कोणी हसेना,
कारण धंदा म्हणून ते बरोबर होतं.

त्याच आठवड्यात फिनलंडहून पत्र आलं :
तिसऱ्या रात्री एक पिल्लू धुऱ्यात अडकतं,
आई पुढं जाते, ते तिथंच पाय झाडत राहतं,
माझ्या मुलीला झोप येत नाही.
हर्षल पहाटे साडेचारपर्यंत बसला.
पिल्लू सुटलं.
मी वहीत मांडलं : वीज चार युनिट, बिस्किटं वीस रुपये,
जमा अठ्ठावन्न, तेही मागल्या महिन्यातले.

बाबा एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर काटेवाले होते.
तेव्हा गिऱ्हाईक एकटं सरकार.
भाव पटला नाही तर लोक रात्री बैलांच्या घंटा काढायचे
आणि गाडी पैनगंगेत घालायचे. पलीकडे आंध्र.
"काटा खोटा नव्हता," बाबा सांगतात. "एक होता, एवढंच."

काल त्यांना फोन केला. करार, टक्के, यंत्र,
जमेल तसं सांगितलं.
शेवटी त्यांनी इतकंच विचारलं :
"पाणी किती हाये?"

आठ महिने, मी म्हटलं.

बराच वेळ फोनमध्ये पंख्याचा आवाज.
"अन् करार कधी सुटते?"
चैत्रात.
"मंग थांब थोडं," ते म्हणाले,
"चैत्रात नदी घोट्याएवढी रायते.
तवर बैलाले चारा पुरते का, ते पाय."

मी कप उचलला.
आकड्यावर गोल डाग पडला होता,
शून्यासारखा, पण कुठल्या बाजूचा ते कळेना.